६९६ टिचक्या

मी बनवलेल्या ऑनलाइन फॉर्मच्या चाचणीला आलेल्या एका बाईंनी जन्मतारखेच्या रकान्यावर बोट टेकवलं आणि पडद्यावर एक छोटं, देखणं कॅलेंडर उघडलं. गोलसर कडा, आजच्या तारखेभोवती निळं वर्तुळ. ते मीच बसवलं होतं आणि त्यावर मी खूश होतो. बाईंचं वय ५८. म्हणजे स्वतःच्या जन्ममहिन्यापर्यंत पोचायला त्यांना ५८ वर्षं मागे जायचं होतं, आणि त्यासाठी डोळ्यांना दिसणारी एकच सोय होती, डावीकडचा बाण. एक टिचकी मारली की एक महिना मागे. वरच्या सालावर बोट ठेवलं तर सालांची यादी उघडते हे मला ठाऊक होतं. पण ते साल दिसायला साध्या मजकुरासारखंच होतं, तिथे काही दाबायचं असतं असं कुणाला वाटावं तरी का? बाई बाण दाबत राहिल्या. चाचणी चालू असताना मध्ये बोलायचं नाही हा नियम, म्हणून मी मागे वही घेऊन ओठ आवळून बसलेलो. बारा टिचक्यांचं एक वर्ष, या हिशेबाने ५८ वर्षांच्या ६९६. पन्नासेक झाल्यावर बोट घसरलं, भलतीच तारीख निवडली गेली, कॅलेंडर मिटलं. पुन्हा उघडलं ते थेट चालू महिन्यावर.

मग त्या मागे वळल्या आणि म्हणाल्या, "मला हे मोबाइलचं काही जमत नाही हो. उगाच तुमचा वेळ गेला."

माफी त्यांनी मागितली. ती मी मागायला हवी होती, पण त्या क्षणी मला ते सुचलं नाही.

जन्मतारीख माणसाला तोंडपाठ असते. ती शोधायची नसते, सांगायची असते. कॅलेंडर लागतं ते पुढच्या आठवड्यातला मंगळवार किती तारखेला येतो हे बघायला. ब्रिटिश सरकारच्या साइट ज्या डिझाइन सिस्टिमवर, म्हणजे ठरवून दिलेल्या नमुन्यांच्या संचावर, उभ्या आहेत, तिच्यात म्हणूनच जन्मतारखेसारख्या पाठ असलेल्या तारखांसाठी तीन साध्या चौकटी असतात. दिवस, महिना, वर्ष. टाइप करा आणि पुढे जा. मला हे माहीत नव्हतं असंही नाही. पण तयार कॅलेंडर हाताशी होतं, त्यातून तारीख एका ठरावीक साच्यात मिळत होती आणि ती तपासण्याचा कोड मला लिहावा लागत नव्हता. माझी अर्ध्या दिवसाची मेहनत वाचली. ती हवेत विरली नाही, बाईंच्या बोटावर जाऊन बसली.

लॅरी टेस्लर नावाचे एक संगणकतज्ज्ञ होते. आधी झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात, नंतर ॲपलमध्ये. १९८० च्या दशकात त्यांनी जे मांडलं ते आमच्या धंद्यात टेस्लरचा नियम म्हणून ओळखलं जातं. प्रत्येक कामात काही गुंतागुंत अशी असते की ती नाहीशी करता येत नाही, फक्त इकडून तिकडे सरकवता येते. उरतो तो प्रश्न एवढाच की ती सोसायची कुणी, बनवणाऱ्याने की वापरणाऱ्याने. टेस्लर यांचा हिशेब सरळ होता. इंजिनियरने आठवडाभर जास्त काम करून जी कटकट मिटवता आली असती, ती न मिटवता लाखो लोकांचं रोजचं एकेक मिनिट खर्ची घालणं म्हणजे इंजिनियरच्या सोयीसाठी वापरणाऱ्याला दंड ठोठावणं.

माझं म्हणणं यापुढे एक पाऊल जातं. वाईट वेबसाइट बहुतेक वेळा कौशल्य कमी पडलं म्हणून वाईट होत नाही. कुणाचा वेळ फुकटचा धरायचा याचा निर्णय आधीच कुठेतरी झालेला असतो, कित्येकदा तो घेणाऱ्यालाही आपण निर्णय घेतोय हे कळलेलं नसतं, आणि पडद्यावर दिसते ती त्या निर्णयाची पावती. खिडकीसमोर रांगेत ताटकळणारा माणूस निदान खिडकीमागच्या माणसाला दिसतो. तो चिडतो, आवाज चढवतो, शेजारचे लोक त्याच्या बाजूने बोलतात. वेबसाइटवर अडकलेला माणूस कुणालाच दिसत नाही. तो पान बंद करतो आणि आपल्यालाच जमत नाही असं समजून गप्प बसतो.

फोन नंबरचा साधा रकाना घ्या. कुणी मध्ये जागा सोडून नंबर लिहितो, कुणी आडवी रेघ देतो, कुणी पुढे देशाचा कोड लावतो. माणसं नंबर असेच लिहितात, कारण तसा तो वाचायला आणि पडताळायला सोपा जातो. फॉर्म मात्र लाल अक्षरांत खेकसतो, 'अवैध क्रमांक'. काय अवैध आहे ते सांगत नाही. त्या जागा आणि रेघा गाळून टाकणं हे एका ओळीच्या कोडचं काम. ती ओळ लिहिली नाही म्हणून १ लाख लोकांचे प्रत्येकी २० सेकंद गेले असं धरलं, तर साडेपाचशे तासांहून जास्त होतात. जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये इंटरनेटच्या प्रोटोकॉलचा दस्तऐवज लिहिताना त्यात एक सूत्र घालून ठेवलं होतं, की आपण पाठवताना काटेकोर असावं आणि दुसऱ्याकडून घेताना उदार. ते यंत्रांनी यंत्रांशी कसं बोलावं याबद्दल होतं. यंत्रांच्या वाट्याला आलेलं ते सौजन्य माणसांपर्यंत अजून पुरतं पोचलेलं नाही.

नावाच्या रकान्यांचं तर विचारूच नका. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्हींवर लाल चांदणी. जगात एकच नाव असलेली माणसं आहेत. आडनाव आधी लिहिणारे समाज आहेत. कुणाच्या नावात जोडरेघ असते, कुणाच्या नावात स्वल्पविरामासारखं वरचं चिन्ह, आणि कुणाचं आडनाव दोनच अक्षरांचं असतं म्हणून 'किमान ३ अक्षरं हवीत' असा निरोप येतो. जन्मापासून लावलेलं नाव चुकीचं आहे हे एका फॉर्मकडून ऐकून घ्यायचं. बहुतेक ठिकाणी 'पूर्ण नाव' अशी एकच लांब चौकट पुरते. ती का नाही, असं विचारलं की उत्तर येतं, आमच्या डेटाबेसमध्ये तीन कॉलम आहेत. असतील. तो तुमच्या घरचा मामला झाला, पाहुण्याने त्यात का पडावं?

आणि वीस रकाने भरून 'पुढे' दाबावं, एकात चूक निघावी आणि पान परत उघडावं ते कोरं करकरीत, हा अनुभव नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. वेबच्या सुलभतेचे, म्हणजे अपंगांसकट सगळ्यांना साइट वापरता यावी यासाठीचे, जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या ऑक्टोबर २०२३ मधल्या २.२ आवृत्तीत चक्क एक कलम आलं, की एकाच प्रक्रियेत एकदा दिलेली माहिती माणसाला पुन्हा टाइप करायला लावू नये. वेब सुरू होऊन तीस वर्षं उलटल्यावर हे लेखी द्यावं लागलं.

टेस्लर यांच्याकडे परत येतो, कारण इथे एक गंमत आहे. कट, कॉपी, पेस्ट ही सोय त्यांनीच १९७० च्या दशकात झेरॉक्समध्ये टिम मॉट या सहकाऱ्याबरोबर घडवली. आणि आज कित्येक फॉर्मवर पासवर्डच्या किंवा खाते क्रमांकाच्या रकान्यात पेस्ट करायला बंदी असते. कारण विचारलं तर 'सुरक्षा'. कसली सुरक्षा? पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड लक्षात ठेवणारं ॲप, वापरणारा माणूस वीस-पंचवीस अक्षरांचा, कुणाला अंदाज बांधता येणार नाही असा पासवर्ड ठेवू शकतो. तो हाताने टाइप करायला लावलात की दुसऱ्याच दिवशी तो कंटाळून आठवायला सोपा असा काहीतरी ठेवणार. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत हे साफ लिहिलं आहे. पेस्ट करू द्या. एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह असली सक्ती करू नका. काही कारण घडल्याशिवाय ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका. ही मंडळी सुरक्षेच्या बाबतीत ढिलाई करणारी नव्हेत. तरीही दर ९० दिवसांनी नवा पासवर्ड मागणाऱ्या साइट आहेतच, आणि लोक जुन्याच्याच शेवटी एक आकडा वाढवून मोकळे होतात. इतक्या बैठका बसून झाल्यावर माझं मत असं बनलंय की 'सुरक्षा' हा शब्द तिथे वाद मिटवायला वापरतात. तो उच्चारला की समोरचा गप्प होतो, आणि काम वापरणाऱ्याकडे सरकतं.

या सरकवासरकवीचं सगळ्यात महागडं उदाहरण अमेरिकेतलं. १ ऑक्टोबर २०१३ ला तिथे आरोग्य विम्याची सरकारी साइट, हेल्थकेअर डॉट गव्ह, सुरू झाली. पहिल्या दिवशी लाखो लोक साइटवर आले आणि विम्यासाठी नाव नोंदवून झालं ते ६ जणांचं. साठ नव्हे, सहा. सर्व्हर कमी पडले, वेगवेगळ्या कंत्राटदारांनी बनवलेले भाग एकमेकांशी जुळले नाहीत, पूर्ण साइटची एकसंध चाचणी वेळेत झाली नाही, हे सगळं खरं. पण एक कारण निव्वळ रचनेचं होतं. विम्याच्या योजना नुसत्या पाहण्यासाठीसुद्धा आधी खातं उघडणं सक्तीचं करून ठेवलं होतं. खातं उघडायचं म्हणजे ओळख पटवायची, त्यासाठी मागे दुसऱ्या यंत्रणांकडे विचारणा करायची. जे फक्त डोकावायला आले होते तेही त्या अरुंद दारात कोंबले गेले आणि दारच निखळलं. लोकांना आधी मोकळेपणी बघू दिलं असतं तर दाराशी आले असते ते फक्त घ्यायचं ठरवलेले.

याची उलटी बाजू वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेरेड स्पूल यांनी २००९ मध्ये सांगितली होती. एका मोठ्या विक्रीच्या साइटवर सामान निवडून झालं की एक छोटासा फॉर्म येई. ईमेल, पासवर्ड आणि खाली दोन बटणं, 'लॉगिन' आणि 'नोंदणी'. ज्यांनी ती साइट बनवली त्यांना वाटत होतं, नेहमीच्या गिऱ्हाइकांची सोय झाली. प्रत्यक्षात नवी माणसं वैतागत, आम्हाला वस्तू घ्यायचीय, नातं जोडायचं नाही. जुन्यांना पासवर्ड आठवेना, काहींना आपण कुठल्या ईमेलने नोंदणी केली होती तेही आठवेना. मग 'नोंदणी' काढून तिथे 'पुढे चला' हे बटण आलं आणि सोबत एक वाक्य, की खरेदीसाठी खातं उघडण्याची गरज नाही. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. मला या गोष्टीत आकड्यापेक्षा दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. ते बटण कुणी दुष्टपणाने ठेवलं नव्हतं. सद्भावनेने ठेवलं होतं, फक्त गिऱ्हाइकाशेजारी बसून पाहिलं नव्हतं.

होमपेजबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथली भांडणं सगळ्यांना ठाऊक आहेत. प्रत्येक विभागाला सगळ्यात वरची जागा हवी असते, कुणाला नाही म्हणवत नाही, म्हणून सरकत्या चित्रांचा स्लायडर येतो. तो विभागाविभागांतला तहनामा असतो, वाचकाचा त्याच्याशी संबंध नसतो. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या साइटवर २०१३ मध्ये मोजलं तेव्हा स्लायडरवर टिचकी मारणारे निघाले सुमारे १ टक्का, आणि त्यांतलेही बहुतेक पहिल्याच चित्रावर. चौथ्या चित्रासाठी हट्ट धरणाऱ्यांना मी हा आकडा दाखवून पाहिलाय. चौथं चित्र तरीही राहतं.

वेगाचं तसं नाही, तिथे खरोखर कुणाच्या लक्षात येत नाही. बनवणाऱ्याच्या टेबलावर नवा लॅपटॉप असतो, इंटरनेट भरधाव असतं, आणि पानातले निम्मे तुकडे आधीच ब्राउझरने साठवून ठेवलेले असतात. त्याच्या दृष्टीने पान उघडायला वेळ लागतच नाही. वापरायला सोपं काय असतं याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये तीन आकडे मांडले होते. ०.१ सेकंदाच्या आत झालं तर माणसाला वाटतं, मी केलं आणि झालं. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांनंतर लक्षच उडतं. या आकड्यांची मुळं १९६८ च्या संशोधनात आहेत. तेव्हापासून यंत्रं कितीतरी पटींनी वेगवान झाली, माणसाचं डोकं होतं तसंच राहिलं, म्हणजे आज सगळं झटक्यात व्हायला हवं होतं. ते होत नाही कारण वाढलेला सगळा वेग पानांनी खाऊन टाकला. वेबच्या पानांची वर्षानुवर्षं नोंद ठेवणाऱ्या एचटीटीपी अर्काइव्हनुसार मधल्या वजनाचं पान आता २ एमबीच्या वर गेलंय. साधारण आकाराच्या इंग्रजी कादंबरीचा नुसता मजकूर १ एमबीत मावतो. म्हणजे कार्यालय किती वाजता उघडतं हे पाहायला माणूस दोन कादंबऱ्यांचं ओझं उतरवून घेतो. एवढं करून पान उघडतं, तो बटण दाबायला जातो, तेवढ्यात वर कुठूनशी जाहिरात येऊन बसते, सगळं खाली सरकतं आणि बोट पडतं भलत्याच ठिकाणी.

आता ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्याकडे येतो. इथे मला स्वतःबद्दल आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. बाईंच्या त्या चाचणीनंतर त्याच संध्याकाळी मी माउस बाजूला ठेवला, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर सुरू केला, पडद्याचा उजेड बंद केला आणि माझाच फॉर्म भरायला बसलो. पानाच्या माथ्यावर मी पाच छोटी चित्रं ठेवली होती. घर, शोध, घंटा, प्रश्नचिन्ह, माणूस. सुबक दिसायची. कानात आवाज आला, "बटण. बटण. बटण. बटण. बटण." चित्रांना नावं द्यायची राहिली होती. चाचपडत जन्मतारखेपाशी आलो, तर कॅलेंडर उघडलं आणि मिटेचना. टॅब दाबत राहिलो, एकेका तारखेवरून पुन्हा पहिल्या तारखेवर. मी माझ्याच कोडमध्ये कोंडला गेलो होतो आणि बाहेर पडायचा रस्ता मलाच माहीत नव्हता. शेवटी पडद्याचा उजेड पुन्हा सुरू केला.

मी एकटा नाही, हे सांत्वन म्हणून सांगत नाही. वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी १० लाख होमपेजची यंत्राद्वारे तपासणी करते. पहिल्या वर्षी ९७.८ टक्के पानांवर सुलभतेचे दोष सापडले. २०२५ मध्ये ९४.८ टक्के. सहा वर्षांत ३ टक्क्यांची मजल, आणि यंत्राला जेवढं पकडता येतं तेवढ्यापुरतीच. दरवर्षी पहिला नंबर फिकट अक्षरांचा असतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा, असं निकष सांगतात. तो पाळायला पैसा लागत नाही, नवी यंत्रणा लागत नाही, रंगाचा आकडा बदलावा लागतो. पण पांढऱ्यावर फिकट राखाडी ही सध्याची अभिरुची आहे. मोठ्या, झगझगीत मॉनिटरसमोर बसलेल्या तिशीच्या डोळ्यांना ती भारदस्त वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दर ६ माणसांमागे १ जण लक्षणीय अपंगत्वासह जगतो. त्यात उन्हात उभं राहून फोन पाहणारे आणि चष्मा घरी विसरलेले धरलेले नाहीत.

इथे माझा सिद्धान्त जरा अडखळतो, हे मान्य करायला हवं. ब्राउझरमध्ये जे साधं बटण तयार मिळतं ते कीबोर्डवर चालतं, स्क्रीन रीडरला कळतं, सगळं फुकट. ते नाकारून आम्ही रिकाम्या चौकटीला रंगरूप देऊन बटण 'घडवतो' आणि मग त्यात यातलं काहीच चालत नाही. म्हणजे बनवणाऱ्याने कष्ट वाचवले असंही नाही, उलट जास्त केले, आणि तरी भोगतोय वापरणाराच. मग ते कष्ट केले कुणासाठी? बैठकीसाठी. तिथे मोठ्या भिंतीवर साइटचं चित्र लावलेलं असतं, सगळे मागे रेलून ते बघतात, आणि बघून ठरवतात. फॉर्म कुणी भरत नाही. जपानमध्ये १९९५ मध्ये कुरोसू आणि काशिमुरा यांनी पैसे काढण्याच्या यंत्राच्या पडद्यांच्या निरनिराळ्या रचना लोकांना दाखवल्या होत्या. जी रचना सुंदर वाटली, तीच वापरायला सोपी असणार असं लोकांनी धरून टाकलं. खरोखरचा सोपेपणा आणि वाटणारा सोपेपणा यांचं नातं त्यामानाने क्षीण निघालं. त्यामुळे नुसतं बघून मत देणारी बैठक फसणारच. ती माणसं मूर्ख असतात म्हणून नव्हे, माणसं असतात म्हणून.

मला सौंदर्याचं वावडं नाही. नीट बेतलेलं पान पाहिलं की मलाही बरं वाटतं. तक्रार आहे ती साइट बघण्यासाठी बनवली जाते आणि वापरण्यासाठी दिली जाते याबद्दल.

यावर नेहमीचा बचाव असतो, हे काम अवघड आहे, सगळ्यांना खूश करता येत नाही. हा बचाव मला पटला असता, जर तीच मंडळी हवं तेव्हा कमालीची सोपी रचना करताना दिसली नसती. सदस्य होताना एक टिचकी. सदस्यत्व रद्द करताना चार पानं, एक प्रश्नावली, 'नक्की जाताय का' असं विचारणारं रडकं चित्र, आणि शेवटी ठरावीक वेळेतच लागणारा फोन नंबर. कुकीच्या चौकटीत 'सगळं स्वीकारा' ठळक आणि रंगीत, नकार मात्र दोन पायऱ्या आत, राखाडी अक्षरांत. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये या प्रकारांना 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने ऑनलाइन मंचांना असली फसवी रचना मना केली, भारताच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये असे १३ प्रकार यादी करून निषिद्ध ठरवले. कायदे हवेतच. पण मला या प्रकारांचा उपयोग पुरावा म्हणून होतो. त्याच कंपनीत, त्याच डिझायनरच्या हातून, आत येण्याचा रस्ता लोण्यासारखा आणि बाहेर जाण्याचा काट्याकुट्यांचा होतो. येतं सगळं. कुठे वापरायचं ते ठरलेलं असतं.

प्रत्येक अडथळा वाईट असंही मी म्हणणार नाही. सगळे फोटो कायमचे पुसण्याआधी साइटने थांबवून विचारावं. मोठी रक्कम अनोळखी खात्यात पाठवताना समोरच्याचं नाव दाखवून पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी. तिथे दहा सेकंद जास्त गेले तर ते माझ्याच भल्यासाठी गेले, आणि ते मला कळतंही. अडथळ्यापाशी उभं राहून, याचा फायदा कुणाला, एवढं विचारलं की दोन्हींतला फरक लगेच दिसतो.

खर्चाचा मुद्दा राहिला. नील्सन यांनीच २००० मध्ये हिशेब मांडून दाखवला होता, की साइटमधले बहुतेक मोठे दोष सापडायला पाच माणसांची चाचणी पुरते. पाच माणसं, एकेक करून. त्यांना काम सांगायचं, मागे बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. यातलं शेवटचंच अवघड जातं. 'वर बघा ना, तिथे आहे' हे वाक्य जिभेवर येतं तेव्हाच दोष सापडलेला असतो, कारण घरी बसून फॉर्म भरणाऱ्याच्या मागे 'वर बघा' म्हणायला कुणी नसणार. एका दुपारचं काम आहे. ज्या प्रकल्पात बोधचिन्हाच्या रंगावर तीन आठवडे जातात, तिथे एक दुपार निघत नाही हे मी ऐकून घेणार नाही.

खासगी साइट वाईट असली तर माणूस दुसरीकडे जाऊ तरी शकतो. सरकारी सेवेचं तसं नाही. दाखला, परवाना, निवृत्तिवेतन हे दुसऱ्या दुकानात मिळत नाही. खिडकी बंद करून सेवा फक्त ऑनलाइन केली, की त्या साइटवरचा एक बिघडलेला रकाना म्हणजे बंद दार असतं. म्हणून इथे सद्भावनेवर सोडून चालणार नाही, नियम हवा. ब्रिटनमध्ये तो काही काळ होता. २०११ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या शासकीय डिजिटल सेवेने २०१४ पासून नव्या सेवांना २६ कलमांची कसोटी लावली. शेवटचं कलम असं, की सेवा खुली करण्याआधी तिची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची चाचणी संबंधित मंत्र्यांसोबत करावी. शिवाय अर्ज सुरू करणाऱ्यांपैकी किती टक्के लोक तो पूर्ण करतात, हा आकडा प्रत्येक सेवेने जाहीर करायचा होता. २०१९ च्या नव्या कसोटीत मंत्र्यांचं कलम राहिलं नाही. मला ते गेल्याचं वाईट वाटतं, कारण सगळ्या कागदात तेच एक कलम असं होतं जे निर्णय घेणाऱ्याच्या हातात फोन देत होतं.

मला तेच हवंय, थोडं अधिक कडक. सेवा फक्त ऑनलाइन करायच्या आदेशावर जो सही करणार, त्याने आधी तो अर्ज स्वतः भरावा. स्वतःच्या बोटांनी, साध्या फोनवर, मदतनीसाला खोलीबाहेर बसवून. कंत्राटदाराचं शेवटचं बिल निघण्याआधी अर्ध्यात सोडून गेलेल्यांचा आकडा लोकांसमोर यावा. आणि कितीही चांगली साइट झाली तरी काही माणसं अडकणारच, त्यांच्यासाठी एक माणूस फोनवर राहू द्यावा. त्याला येणारे प्रश्नही लिहून ठेवावेत. साइटमध्ये कुठे काय चुकलंय याची त्याहून नेमकी यादी कुठला सल्लागार करून देणार नाही.

जन्मतारखेचं कॅलेंडर मी दुसऱ्याच दिवशी काढलं. तीन चौकटी ठेवल्या. त्या बाईंना परत बोलावलं, त्यांनी आठ-दहा सेकंदांत तारीख टाकली आणि पुढच्या पानावर गेल्या, त्या रकान्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. मी वहीत खूण केली आणि पुढच्यांना आत बोलावलं. एक सत्तरीचे गृहस्थ आले. त्यांनी चष्मा पुसला, दिवस टाकला, आणि महिन्याच्या चौकटीत ३ लिहिण्याऐवजी सावकाश, एकेक अक्षर शोधत 'मार्च' असं लिहिलं. फॉर्मने लाल अक्षरांत सांगितलं, अवैध महिना. ते माझ्याकडे वळायच्या आतच मी म्हणालो, "थांबा, चूक माझी आहे," आणि कोड उघडला.